पिवळ्या पट्टीच्या मागं

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी प्रणितानं विचारलं, "आणि चाचा, पडली तर?"

"पडेल," यासीनचाचा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पडेल. भिंत आहे, पोरगी आहे. पडल्याशिवाय कशी राहील?"

प्रणिताला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं हळदीचं एक जुनं गोदाम होतं. हळद केव्हाच गेली, पण फरशीच्या सांध्यांतला पिवळेपणा काही गेला नव्हता. आता तिथं बारा फुटी लाकडी भिंत उभी होती. भिंतीवर रंगीबेरंगी गोटे ठोकलेले, खाली हातभर जाडीच्या गाद्या. दोर नाही, पट्टा नाही. गोटे धरून वर जायचं, सगळ्यात वरच्या गोट्याला हात लावायचा, आणि खाली यायचं. बोल्डरिंग म्हणतात त्याला.

गाद्या संपतात तिथं फरशीवर जाड पिवळी पट्टी मारली होती. पट्टीच्या मागं एका स्टुलावर चाचा बसत. सगळी हयात त्यांनी साखर कारखान्यांची धुराडी रंगवण्यात घालवली होती. आता वय एकाहत्तर, डोक्याला जाळीची टोपी, आणि भिंतीशी येणारं प्रत्येक पोर त्यांचं.

शाळेनं एकदा मुलांना इथं आणलं होतं. तेव्हापासून प्रणिताची सात वर्षांची ईश्वरी घरातल्या दारांच्या चौकटी चढत होती. हात एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, पालीसारखी वर जाऊन बसायची आणि तिथून म्हणायची, "आई, भिंतीला कधी जायचं?"

आठ दिवस प्रणितानं टोलवलं. नवव्या दिवशी ती पोरीला घेऊन आली. पण मनात वेगळंच होतं.

ती चाचांच्या जवळ सरकली. आवाज खाली आणला. "चाचा, तुम्हीच तिला सांगा ना, तू अजून लहान आहेस म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"आणि तुझं?"

"मी नको म्हटलं की मी वाईट होते."

चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"म्हणजे मी वाईट व्हायचं."

"तसं नाही हो चाचा..."

"तसंच आहे. पण होईन. आधी बघू तरी."

त्यांनी ईश्वरीला हाक मारली आणि पहिला धडा दिला. तो पडायचा होता. गुडघे मोडायचे, पाठीवर लोळायचं, हात छातीशी घ्यायचे. हात मागं टेकायचा नाही, टेकला की मनगट गेलं. चाचा स्वतः गादीवर पडून दाखवायला गेले, आणि टोपी घरंगळत पार भिंतीपर्यंत गेली.

ईश्वरी खिदळली. मग दहा वेळा पडली, दहाही वेळा हसत उठली. प्रणिता मात्र दर वेळी डोळे मिटत होती.

"झाला ना एक धडा?" ती म्हणाली. "दुसरा कसला?"

"हाच. जरा उंचावरून."

ईश्वरी भिंतीला भिडली. एका रंगाच्या गोट्यांची एक वाट, त्यात पिवळ्यांची सगळ्यात सोपी. पहिला गोटा, दुसरा, तिसरा... पोरीचे पाय आईच्या खांद्याशी गेले मात्र, प्रणिता चपला भिरकावून गादीवर धावली आणि दोन्ही हात वर करून बरोबर तिच्या खाली उभी राहिली.

"घाबरू नको पिल्ला! मी आहे ना!"

"पोरी, बाजूला हो," चाचा म्हणाले.

"असू दे चाचा."

"पट्टीच्या मागं ये."

"पडली तर झेलीन की मी!"

ईश्वरीनं खाली बघितलं. आईचे हात दिसले, आईचा चेहरा दिसला. तिनं एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा खाली बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मग ती एकेक गोटा धरत उतरली आणि तोंड फिरवून बसली.

"बघितलंत ना?" प्रणिता म्हणाली. "घाबरली ती. लहान आहे अजून."

"ती नव्हती घाबरली."

"मग उतरली कशाला?"

"तुझ्या डोक्यावर पडू नये म्हणून."

प्रणिताला राग आला. इतका वेळ मानानं बोलत होती, आता आवाज चढला.

"तुम्हाला काय माहीत हो चाचा? सातव्या महिन्यात झाली ही. एवढीशी, ओंजळीत मावेल एवढी. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. हात लावू देत नव्हते मला. बाहेर उभी राहून बघत होते नुसती. तेव्हाच ठरवलं, एकदा हातात आली की पुन्हा हात काढायचा नाही. आजपर्यंत तिचं ढोपरसुद्धा फुटू दिलं नाही मी. सात वर्षांत. एकदाही."

चाचांनी ईश्वरीकडे बघितलं.

"त्या बावीस दिवसांत ती काय करत होती?"

"कोण? ही? ती काय करणार... श्वास घेत होती."

"कुणी शिकवला?"



चाचांनी स्टुलाखालचा डबा काढून तिच्यापुढं धरला. हाताला घाम येऊ नये म्हणून लावायची पांढरी पावडर होती त्यात.

"घे. चढ."

"मी?"

"नाही तर मी? माझे गुडघे गेले."

"अहो, मी ब्लाउज शिवणारी बाई! मी कधी स्टुलावरसुद्धा..."

"पोरीला नको म्हणायला सांगतेस. ज्याला नको म्हणायचं, ते एकदा बघून तरी घे."

ईश्वरी वळून बसली होती. तोंड फुगलेलंच, पण डोळे चमकले होते. "आई, चढ ना. चढ की गं!"

आता मागं कसं फिरणार? प्रणितानं ओढणी काढून ठेवली. "अंगठी, बांगड्या काढ, अडकतात," चाचा म्हणाले. तिनं काढल्या. "गळ्यातलं पण." तिथं तिचा हात क्षणभर अडला. मग मंगळसूत्रही काढलं, सगळं रुमालात बांधलं आणि ते गाठोडं लेकीच्या मुठीत दिलं.

"सांभाळ हं. पट्टीच्या मागंच थांब."

चाचांनी तिलाही आधी पाडली. गुडघे, पाठ, हात छातीशी. चार वेळा पाडली, पाचव्या वेळी मान हलवली.

प्रणिता भिंतीला भिडली. पिवळा गोटा धरला, असा धरला की बोटं पांढरी पडली.

"एवढा आवळू नकोस," मागून चाचा म्हणाले. "गोटा कुठं पळून जात नाही."

पहिला, दुसरा... लेकीच्या तिसऱ्या गोट्यापर्यंत ती कशीबशी पोचली. चौथाही धरला. आणि अडकली. वर हात पोचेना, खाली पाय सापडेना. हाताचे दंड दगडासारखे झाले. मशीनची सुई चालावी तसा उजवा पाय थडथडू लागला.

"चाचा, मला खाली घ्या!"

"सोड. गादी आहे."

"नाही जमत!"

"आई!" अगदी खालून आवाज आला.

तिनं मान वळवून खाली बघितलं. बरोबर तिच्या खाली ईश्वरी उभी होती. दोन्ही हात वर केलेले. एका मुठीत रुमालाचं गाठोडं. पोरीचं वजन अवघं अठरा किलो.

"सोड आई! मी आहे ना! मी झेलते तुला!"

"बाजूला हो!" प्रणिता किंचाळली.

"असू दे आई!"

"अगं, चेंगरशील! बाजूला हो म्हणते ना!"

"नाही! तू पडशील!"

चाचा पोरीच्या मागंच उभे होते. तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यात त्यांनी आपली दोन बोटं अडकवली होती. एक हिसका दिला असता, तर पोरगी पट्टीच्या मागं आली असती.

"चाचा, ओढा तिला!"

"ओढतो. पण ती परत धावेल." चाचा शांतपणे म्हणाले. "ऐकत नाही पोरगी. कुणाची आहे कोण जाणे."

प्रणिताचे हात आता खरंच सुटायला आले होते. ओरडून उपयोग नव्हता. तिनं कपाळ भिंतीला टेकलं. एक श्वास घेतला... मग दुसरा.

"ईशू," ती हळू म्हणाली. "मला पडायला येतं. आत्ताच शिकले की नाही? तू बघितलंस ना?"

"...हो."

"मग तू तिथं मागं उभी राहून बघ. हात नको. नुसती बघ."

 मग गादीवरून फरशीवर उतरणारी छोटी पावलं ऐकू आली.

"झाले गं आई मागं!"

प्रणितानं हात सोडले.

गुडघे मोडले, पाठीवर लोळली, हात आपोआप छातीशी आले. धप्प झालं. मग तिला वर गोदामाचे पत्रे दिसले, पत्र्याच्या एका भोकातून आलेली उन्हाची तिरीप दिसली, आणि त्या तिरिपीत पांढरी पावडर उडताना दिसली. काही मोडलं नव्हतं. तिनं बोटं हलवून बघितली. सगळी होती.

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी हसू थांबेना. कितीतरी वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं.

"लागलं का गं आई?"

"नाही गं. काहीच नाही लागलं."

"मग रडतेस कशाला?"

"कुणास ठाऊक!"

ईश्वरीनं गाठोडं आईच्या हातात कोंबलं आणि डब्यात दोन्ही हात बुडवले. कुणी सांगायची वाट बघितली नाही. भिंतीशी गेली.

प्रणिता उठली आणि पिवळ्या पट्टीच्या मागं जाऊन उभी राहिली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी गाठोड्यासकट दोन्ही हात तिनं छातीशी घेतले, पडताना घ्यायचे तसे.

पहिला गोटा, दुसरा, तिसरा. चौथ्याशी ईश्वरी थांबली. प्रणिताचे पाय पुढं सरकायला बघत होते. अंगठे पट्टीला टेकले... आणि तिथंच राहिले.

पोरीनं खाली बघितलं नाही. पाचवा धरला. सहावा. वरच्या गोट्यावर तळहाताची थाप मारली तसा तिथं पांढरा पंजा उमटला.

"आई, बघितलंस?"

"बघितलं!" प्रणिता म्हणाली. "सगळं बघितलं!"

मंगळसूत्र गळ्यात घालताना ती स्टुलापाशी आली. जरा ओशाळली होती.

"चाचा, खरं सांगू? मी तुमच्याकडून 'नको' न्यायला आले होते."

"मग? नेणार का?"

"राहू दे इथंच. आता मला नको."

म्हातारा मनापासून हसला.

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बरोबर दोन वेण्यांची मुलगी. मुलगी भिंतीकडे धावली आणि ते गृहस्थ बुटांसकट गादीवर तिच्या मागं धावले, दोन्ही हात पुढं करून.

"अगं... अगं... पडशील!"

चाचा उठतील म्हणून प्रणितानं वाट बघितली. चाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि स्टुलावर आणखी आरामात बसले.

"चाचा, त्यांना सांगा ना."

"तू सांग."

"मी? मी काय सांगू?"

"वर लटकली होतीस तेव्हा खाली जे दिसलं, तेवढंच सांग... आणि त्यांना म्हणावं, पुढच्याला तुम्ही सांगा."