उंबर आणि आंधळी रेवू

झाडं अजून बोलत होती त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या उंबरावर एक वानरी राहत होती. तिची लेक रेवू जन्मापासून आंधळी होती. बरोबरीची पिल्लं फांद्यांवर उड्या मारू लागली, तरी वानरी रेवूला पोटाशी धरूनच हिंडायची.

एका उन्हाळ्यात नदी आटली. टोळीने पाण्यासाठी दूरच्या डोंगरावर जायचं ठरवलं. पण वाढत्या लेकीला घेऊन वानरीला लांब उडी मारवेना. ती रडू लागली.

उंबर म्हणाला, "बाई गं, पोरीला माझ्या खालच्या फांदीवर सोड. शिकेल ती."

"आणि पडली म्हणजे?"

"पडेलसुद्धा," उंबर म्हणाला.

रेवूनेच आईचा गळा सोडला. साल चाचपत ती पुढे सरकू लागली. फांदी लवली की थांबायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायची. अर्ध्यावर हात निसटला आणि ती धपकन पाचोळ्यात पडली.

वानरी किंचाळत खाली धावली. लेकीला कवटाळून उंबराला वाट्टेल ते बोलली.

रेवू मात्र हसत होती. "आई, जमीन एवढीच खाली आहे होय? मला वाटायचं, खाली काहीच नाही. सोड ना, पुन्हा चढते."

टोळी निघाली तेव्हा वानरी पुढच्या झाडावर जाऊन हाक मारायची आणि रेवू त्या हाकेच्या दिशेने झेप घ्यायची. दर झेपेला वानरी डोळे मिटून घ्यायची. हाक मारायची मात्र थांबली नाही.