कडीची जागा

"यात चूक कुठे आहे, ते तरी सांगा, उस्ताद!"

फरामर्जचा आवाज जरा चढलाच. उस्ताद बहाउद्दीन अंगणाच्या कडेला जोडे काढून उभे होते आणि खाली बघत होते.

खाली सगळं अंगण चुन्याने गुळगुळीत केलेलं होतं. त्यावर कोळशाने मशिदीचं अख्खं प्रवेशद्वार रेखलं होतं. छोटा नमुना नव्हे... जेवढं उभं राहायचं तेवढंच, फक्त आडवं. इराणातल्या त्या गावाची रीतच तशी. आधी दार जमिनीवर निजवायचं, मग भिंतीत उभं करायचं.

जुनं प्रवेशद्वार भूकंपात कोसळलं होतं. नवं कोणी बांधायचं, ते आज ठरणार होतं. गुरूने रेखाटनाच्या मध्यावर खुंटी ठोकली की काम शिष्याचं. त्याच खुंटीला दोरी बांधून पुढची सगळी मापं घ्यायची. खुंटी नाही ठोकली, तर गावातला एकही गवंडी त्याच्या शब्दावर वीट उचलणार नाही.

फरामर्जचं हे पहिलंच काम. खुंटी उस्तादांच्या हातात होती आणि याचा सगळा जीव त्या खुंटीत अडकला होता.

"बघा ना," तो म्हणाला. "दाराच्या रुंदीचा चौरस घेतला. त्याचा कर्ण जेवढा, तेवढी उंची. कमान त्याच वर्तुळातून निघाली. चौकट, वरच्या नक्षीतले तारे, दाराची कडीसुद्धा... सगळं एकातून एक. यातली एक रेघ हलवा, सगळं बिघडेल."

"सुरेख आहे."

फरामर्ज फुलून गेला. इथेच थांबला असता तर बरं होतं. पण गडी हुशार, आणि हुशार माणसाला गप्प बसणं फार जड जातं.

"मग ठोका ना खुंटी!"

उस्तादांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. गुडघे टेकले, एक हात टेकला, आणि तो म्हातारा माणूस सरळ त्या रेखाटनावर उताणा निजला. टाचा बरोबर उंबऱ्याच्या रेघेवर.

"उस्ताद! बरं वाटत नाही का?"

"चांगलं वाटतंय. नमाजाला आलोय."

त्यांनी हात डोक्यावरून लांब ताणला. बोटं चुन्यावर चाचपडली. कडी बोटांपासून चांगली वीतभर दूर राहिली.

"तुमची उंची..." फरामर्ज अडखळला. "जरा बेताची आहे."

"आहे खरी. तू नीज बघू."

फरामर्ज शेजारी आडवा झाला. त्याने हात ताणला, आणखी ताणला, आणि बोट कडीला लागलं.

"पोचलं!"

"टाचा बघ."

त्याने मान उचलली. टाचा उंबरा सोडून केव्हाच वर सरकल्या होत्या. हे महाशय जमिनीपासून वर, हवेत लटकून मशिदीची कडी धरत होते.

फरामर्जचे कान लाल झाले. तो उठून बसला.

"पण कर्ण आणि वर्तुळ तिथेच भेटतात, उस्ताद. त्याला मी काय करू?"

उस्तादांनी निजल्यानिजल्या पुन्हा कडीकडे हात ताणला.

"लोक टाचा उंचावतील."

"दाराला कडी कशासाठी असते?"

"ओढायला."

"आणि?"

फरामर्जने कडीच्या रेघेवर हात ठेवला.

त्याला जुनं दार आठवलं. लहानपणी तो देवीच्या तापाने फणफणला होता. हकिमाने हात टेकले, तेव्हा आईने त्याला कडेवर घेऊन मशीद गाठली होती. दार बंद होतं. आईने कडी घट्ट धरली आणि तिच्यावर डोकं टेकून ती रडत राहिली. ज्याला दुसरं कोणी उरलं नाही, तो त्या गावात असंच करी. त्या वेळी त्याच्याही कपाळाला पितळेचा गारवा लागला होता. तो गारवा त्याला आत्ता, भर उन्हात, पुन्हा जाणवला.

फरामर्जला स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

"आई माझ्या खांद्यालाही लागत नाही," तो हळूच म्हणाला.

उस्ताद कूस वळवून त्याच्याकडे बघत होते.

फरामर्जने कोळसा उचलला. आई उंबऱ्यावर उभी राहिली तर तिच्या हनुवटीशी काय येईल, ते मनाशी धरून त्याने दारावर एक ठिपका काढला. खूप खाली. मग मागे सरकून तो बघत राहिला.

ठिपका कुठल्याच रेघेवर नव्हता.

"इथे लावतो कडी," तो म्हणाला. डोळे अजून गवंड्याचेच होते. "पण उस्ताद... एवढ्या मोठ्या दारात ही एकच गोष्ट मापाबाहेर राहील."

उस्ताद कण्हत उठले. पागोटं तिथेच राहिलं. त्यांनी हातोडा मागून घेतला आणि खुंटी त्या ठिपक्यावर टेकवली.

"तिथे नाही! मध्य वर आहे, उस्ताद... तिकडे..."

हातोडा पडला. चुन्याला तडा गेला आणि तो त्या सुरेख कमानीच्या आरपार धावला.

उस्तादांनी खुंटी हलवून पाहिली. पक्की बसली होती. त्यांनी दोरीचं टोक फरामर्जच्या हातात दिलं.

"आता इथून मोज."