शिळं पाणी

"मेस्त्री, दांडा देताय की नाही?"

यल्लाप्पा मेस्त्री जिन्याखालच्या खोलीत बसून तोट्यांचे वायसर बदलत होते. दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या नव्या वॉर्डाला पाणी सोडणारा वॉल त्यांनी सकाळीच बंद केला होता आणि त्याचा दांडा काढून कमरेला खोचला होता. उद्या दहा वाजता त्या वॉर्डाचं उद्घाटन होतं.

विचारणारा श्रीनाथ कोष्टी. पाइपाला आटे पाडायला तो याच खोलीत शिकला, मेस्त्रींच्या हाताखाली, तीन वर्षं. आता इंजिनीअर झाला होता. दवाखान्याच्या पाण्यावर त्याची सही लागायची, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

"नाही," मेस्त्री म्हणाले.

"कारण?"

"पाणी शिळं हाय."

श्रीनाथ मोठ्यांदा हसला.

"पाणी म्हणजे काय भाकरी आहे का, मेस्त्री? आमची आई रोज कालचं पाणी ओतून द्यायची अन् कळशी घासायची. तिला समजावून थकलो... आता तुम्हाला समजावू?"

"रंगारी वॉर्डात शिरल्याला किती दिस झाले?"

"अडीच महिने."

"तवापासनं तितला एक तरी नळ सुटलाय?"

"टाकी धुतलीय. औषध टाकलंय. हा बघा रिपोर्ट, पाणी शुद्ध!"

"टाकी धुतलीस. अन् नळ्या?"

श्रीनाथने रिपोर्टाचा कागद आणखी पुढे केला.

"तपासायची बाटली कुठनं भरलीस?"

"टाकीजवळच्या नळाला. नियमाप्रमाणे, दोन मिनिटं पाणी सोडून."

मेस्त्रींनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे. आधी जवळचं, सोपं काम उरकायचं, ही या पठ्ठ्याची जुनी खोड होती.

"ऐक. औषधाचं पाणी सगळ्या नळ्यांत भर, रातभर ऱ्हाऊ दे. मंग यकूण यक नळ सोड. टोकाच्या नळाचं पाणी तपासायला धाड. चार दिस जातील."

"चार दिवस! पत्रिका वाटून झाल्यात, मेस्त्री. दांडा दिला नाहीत तर विश्वस्त उद्या तुम्हाला घरी बसवतील."

"बसवू देत की. पण तान्ह्या पोरांच्या आंगोळी व्हायच्यात तितं. वीतभर जीव त्यो... त्येला तुझा रिपोर्ट वाचता येतोय व्हय?"

म्हाताऱ्याच्या आवाजात भीती नावालाही नव्हती. श्रीनाथला राग आला तो त्याचाच.

"तुम्ही अडाणी ते अडाणीच राहिलात!"

म्हणायला नको होतं. पण म्हणून बसला.

मेस्त्रींनी कमरेचा दांडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे."

श्रीनाथ बघतच राहिला.

"घे की लेका. वॉल सोड. टोकाच्या खोलीत चल, अन् तितल्या नळाचं पेलाभर पाणी माझ्यासमोर पी. पिलास की मी खोटा. करा उद्घाटन."

"एक सोडून दोन पेले पितो!"

वॉल सुटला. दोघे टोकाच्या खोलीत गेले. रंगाचा वास अजून होता. भिंतीशी सहा पाळणे मांडलेले होते. श्रीनाथने ऐटीत बेसिनचा नळ सोडला. नळ खाकरला, थुंकला, मग वाहू लागला.

एका हातात पेला, दुसऱ्या हाताची बोटं धारेत. श्रीनाथ उभा होता. पाणी वाहत होतं...

मेस्त्री धारेकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने श्रीनाथने पेला धारेखाली धरला, भरला आणि ओठांकडे नेला. मेस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"थांबलास का?"

"कुठं थांबलो?"

"नळ सोडलास अन् उभा ऱ्हायलास. किती पाणी वाहून गेलं."

"ते होय... सवय आहे ती. पहिलं पाणी जाऊ द्यायचं असतं."

"का?"

"नळीत राहून ते शिळं..." श्रीनाथने जीभ चावली. त्याचे कान लालबुंद झाले. त्याला लाज वाटली, अगदी आतून.

त्याने पेला ओतून दिला. नळ बंद केला. मुकाट्याने जाऊन वॉल बंद केला, दांडा काढून मेस्त्रींच्या हातात दिला आणि रिपोर्टाचा कागद टराटरा फाडला.

"वरती मीच जाऊन सांगतो," तो म्हणाला. "विश्वस्तांचे अध्यक्ष खवळतील, मेस्त्री. उद्याच उघडा म्हणून हटून बसतील. काय बोलू त्यांच्याशी?"

मेस्त्री पुन्हा वायसर बदलायला बसले होते.

"भांडू नगंस. म्हणावं, उघडा उद्याच... पहिल्या पाण्याचा मान तेवढा तुमचा."