‘दिली’ म्हणजे काय?

फार पूर्वी, नकाशे काढणाऱ्यांना अर्धा समुद्र ठाऊकच नव्हता त्या काळी, एका बेटावर लेतुआ नावाची बाई राहत होती. जहाज फुटून वाहत आलेल्या एका गोऱ्या खलाशाला तिने दोन वर्षं घरात सांभाळलं होतं. तो पुढे आजाराने गेला, पण त्याची भाषा तिच्या जिभेवर राहिली. तीच भाषा तिच्या डोक्याला कायमचा ताप झाली.

कारण एके सकाळी किनाऱ्याला मोठं जहाज लागलं. चाळीस गोरी माणसं उतरली. हिरड्यांतून रक्त येत होतं, धड उभंही राहवत नव्हतं. बेटकऱ्यांनी त्यांना शहाळी दिली, फळं दिली, झऱ्याचं पाणी दिलं. महिन्याभरात सगळे ठणठणीत झाले. मग त्यांच्या कप्तानाने वाळूत खांब रोवला, वर झेंडा चढवला आणि एक कागद मोठ्याने वाचला.

“काय म्हणतोय हा?” बेटाच्या मुखियाने विचारलं.

“म्हणतोय, हे बेट त्याला सापडलं.”

“हरवलं कधी होतं?”

लोक खो खो हसले. लेतुआला हसू आलं नाही. ती कप्तानाला म्हणाली, “अहो, इथे तीनशे माणसं उभी आहेत. दिसतात ना तुम्हाला?”

“दिसतात की,” कप्तान गोड हसला. “म्हणून तर रीतसर मागतोय. मुखियाला सांग, किनारा आणि झरा आम्हाला द्या, आणि या कागदावर अंगठा उमटवा. तुला एक लोखंडी भांडं देईन.”

इथे लेतुआ अडली. बेटाच्या भाषेत जागा ‘देणं’ म्हणजे पाहुण्याला टेकायला देणं. पाहुणा गेला की जागा पुन्हा सगळ्यांची. कप्तानाच्या भाषेत ‘दिली’ म्हणजे कायमची गेली. ती नुसतं “जागा मागतोय” म्हणाली असती, तर मुखिया खूश, कप्तान खूश, आणि तिच्या चुलीवर बेटावरचं पहिलं लोखंडी भांडं. पण तिने तसं केलं नाही.

“तो म्हणतोय, यापुढे किनारा त्याचा, झरा त्याचा. पाणी भरायचं तर त्याला विचारायचं. आपल्या नातवंडांनीसुद्धा.”

“काहीतरीच!” मुखियाची बहीण म्हणाली. “जमीन का कुणाची असते? माणूस जातो, जमीन राहते.”

“हे मला कळतं गं! त्याला कळत नाही!”

“मग बोलू दे त्याला. नुकता दुखण्यातून उठलाय बिचारा.”

“दादा, ऐका माझं. अंगठा उमटवू नका.”

“लेतुआ, तुझी सारखी आपली किरकिर,” मुखिया म्हणाला. “पाहुण्याने मागायचं आणि मी नाही म्हणायचं? लाज वाटेल मला.” आणि त्याने अंगठा उमटवला.

पंधरा दिवसांत झऱ्याभोवती कुंपण पडलं. कुंपणापाशी बंदूकवाला उभा राहिला. पाण्याला गेलेल्या बाया रिकाम्या हाताने परतल्या. मग दुसरं जहाज आलं, तिसरं आलं. त्यांच्याबरोबर अंगभर फोड उठवणारा आजार आला आणि बेटावरचं दर तिसरं माणूस गेलं. उरलेल्यांना कप्तानाने उसाच्या मळ्यात राबायला जुंपलं. जे नाही म्हणाले ते डोंगरावर पळाले. तिथे ना मासे, ना नारळ.

लेतुआ रोज कप्तानाशी भांडायला जायची. तो रोज कागद पुढे करायचा.

“तूच तर त्यांना सगळं स्पष्ट सांगितलंस,” तो म्हणायचा. “मग फसवणूक कसली?”

खरं बोलल्याचंही या माणसाने शस्त्र केलं होतं.

एक दिवस डोंगरावर मुखिया तिच्यासमोर आला. दोन मुलगे पुरून आला होता. “तू आधीच का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

लेतुआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घसा फोडून ओरडावंसं वाटलं. पण तिने त्याच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. त्याने तहानलेल्याला पाणी दिलं होतं, हा काही गुन्हा नव्हता. आणि आपल्या भाषेत ज्याला शब्दच नाही, ती गोष्ट सांगून कळणार तरी कशी? ती दाखवावी लागते.

तेवढ्यात बातमी आली की कप्तान आता शेजारच्या बेटावर निघालाय. लेतुआ होडी घेऊन आधी पोचली. तिथली कर्ती एक म्हातारी होती. लेतुआने तिच्याकडे नीरफणसाच्या झाडाखाली निजायला जागा मागितली.

“घे की बाई, त्यात विचारायचं काय!”

सकाळी पाहतात तो झाडाभोवती काट्यांचं कुंपण. पोरं फळं काढायला आली, तर लेतुआने काठी उगारली. “झाड माझं आहे.”

“अगं, तुला निजायला दिलं होतं!” म्हातारी म्हणाली.

“दिलं ना? मग झालं. यापुढे विचारून यायचं.”

तीन दिवस हा तमाशा चालला. तिसऱ्या दिवशी म्हातारी संतापून ओरडली, “देण्याचा हा असला अर्थ तुला शिकवला कुणी?”

“ते उद्या इथे येताहेत,” लेतुआ म्हणाली, आणि कुंपण उपटायला लागली. उपटता उपटता तिने आपल्या बेटाचं सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

जहाज आलं. म्हातारीने पाणी आणि फळं होड्यांतून जहाजावरच पाठवली. खांब घेऊन उतरलेल्यांसमोर अख्खं गाव हातात हात घालून उभं राहिलं. कागद पुढे आला. अंगठा पुढे आला नाही. कप्तानाने दोन दिवस हुज्जत घातली आणि मग तो शिडं फिरवून गेला. तो पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता गाव जागं होतं.

म्हातारीने लेतुआला राहायचा आग्रह केला.

“नको,” ती म्हणाली. “माझी माणसं डोंगरावर आहेत. त्या कप्तानाशी त्याच्या भाषेत भांडायला तिथे दुसरं कोण आहे?”

वारा उलटा होता. त्याच्या नावाने बोटं मोडत तिने होडी पाण्यात लोटली.

तात्पर्य म्हणाल तर: तहानलेल्याला पाणी द्यावं, जरूर द्यावं, ते पिऊन जो झराच बळकावतो, पाप त्याचं. पण कागद पुढे आला की ‘देणं’ म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं, आणि जी बाई ते सांगू पाहते तिला किरकिरी म्हणू नये.