गिरजाचे गळके रांजण

सोनवडी संस्थानात केशवभट वैद्यांचा मोठा दबदबा होता. रोगी बरा झाला की ते म्हणत, "माझ्या मात्रेचा गुण!" आणि नाही झाला की म्हणत, "यानं पथ्य मोडलं असणार!"

गिरजा कुंभारणीचा म्हातारा बाप सहा महिने त्यांची मात्रा चाटत होता. त्यानं तेल, मीठ, आंबट सगळं सोडलं, तरी गुडघा सुजतच गेला आणि त्याचं चाकावर बसणं सुटलं. वैद्यांनी मात्र दारातूनच सुनावलं, "चोरून खात असशील!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गिरजाच्या जिव्हारी लागलं.

पुढे वैद्यांनी काढ्यासाठी तिच्याकडून चार रांजण नेले. चारही गळले. वैद्यांनी तणतणत तिला थेट राजेसाहेबांपुढे उभं केलं.

"काय गं, गळके रांजण दिलेस?" राजेसाहेबांनी विचारलं.

गिरजानं हात जोडले. "नाही सरकार, रांजण उत्तमच आहेत. आतल्या काढ्यानं पथ्य मोडलं असणार."

दरबार खो खो हसला. राजेसाहेबांनाही मिशीतलं हसू आवरेना.

वैद्य लालबुंद झाले. "काढा कधी पथ्य मोडतो का? रांजण तूच कच्चे भाजलेस. चूक तुझी!"

"होय, चूक माझी," गिरजा लगेच म्हणाली. "पक्के भाजलेले चार रांजण बाहेर गाडीत आणलेत, घेऊन जा. वैद्यबुवा, ‘चूक माझी’ हेच दोन शब्द माझ्या बापाला तुमच्या तोंडून ऐकायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवभट कुंभारवाड्यात आले आणि जमिनीवर बसून त्यांनी म्हाताऱ्याचा गुडघा पहिल्यांदाच हातानं चाचपून पाहिला.