सुंभ वळणाऱ्यांच्या गोळ्या

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. समुद्राकाठी सुंभ वळणाऱ्यांची एक वस्ती होती. नारळाची सोडणे, म्हणजे वरची जाड साले, कुटायची, काथ्या काढायचा, सुंभ वळायचा आणि उरलेला भुसा ओढ्याकाठी टाकायचा, हा तिथला वाडवडिलांपासूनचा रिवाज. भुशाचा डोंगर झाला आणि एके वर्षी ओढाच तुंबला.

खालच्या गावच्या शेतकऱ्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा म्हणाला, "दोन पावसाळ्यांत या भुशाचं सोनं करून दाखवा. नाही जमलं तर वस्ती उठवा."

वस्तीचा कारभारी हादरला. त्याने भुसा शेणात कालवून खड्ड्यात कुजवला. खत काळेभोर झाले, पण शेतात टाकले की वारा ते उडवून न्यायचा. म्हणून त्याने गोळ्या वळायला सांगितले. वस्तीने खतात काथ्याचे धागे घातले, बाभळीचा डिंक घातला आणि तळहातांवर दाबून दाबून अशा गोळ्या वळल्या, की आपटल्या तरी फुटू नयेत. ज्याची गोळी फुटे, त्याला सगळे हसत.

गोळ्या वाऱ्याने हलल्या नाहीत. पाऊस पडला, नाचणी उगवली आणि पिवळी पडली.

कारभाऱ्याला काही कळेना. खत चांगले, पाऊस चांगला, मग नाचणी उपाशी का? भाऊ म्हणाला, "डिंक कमी पडला." शेजारी म्हणाला, "शेण जास्त झालं." सासू म्हणाली, "दृष्ट लागली." बिचाऱ्याने नव्या गोळ्या वळून घेतल्या, त्यांत डिंक वाढवला, शेण घटवले, बांधावर लिंबू-मिरचीही टांगली. नाचणी आणखीच पिवळी! आता कुणाचे ऐकावे हेही त्याला समजेना. डोके धरून तो बांधावर बसला. एक पावसाळा तर हातचा गेला होता.

तेवढ्यात मातीतून एक गांडूळ वर आले. "कारभारी, ही काय वस्तू पेरलीत?"

"खत आहे ते."

"वास तर खताचाच येतो. महिनाभर चाटतोय, पण आत शिरता येईना. मुळंही येतात आणि वळसा घालून जातात. मला वाटलं, यंदा धोंडेच पेरलेत."

"धोंडे? अरे, इतकी घट्ट गोळी पंचक्रोशीत कुणी वळत नाही!"

"तेच विचारतोय," गांडूळ म्हणाले, "ही सुटणार कधी?"

कारभाऱ्याने एक गोळी दगडाने ठेचली. आत खत जसेच्या तसे होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जन्मभर सुटू नये म्हणून झटलेल्या हातांना, सुटेल असे काही करायचे सुचलेच नव्हते.

बायको म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्यालाच!"

दुसऱ्या वर्षी धागे नाहीत, डिंक नाही. ओलसर खत सुपात हलक्या हाताने घोळवले, की ज्वारीएवढे दाणे होत. बोटाने दाबले तर मोडत. जुने कारागीर लाजून ते झाकून नेत.

कापणीला राजा आला. नाचणी कमरेएवढी उभी होती. "तुमच्या गोळ्या दाखवा पाहू," तो म्हणाला.

कारभाऱ्याने माती उकरली. इथे पाहिले, तिथे पाहिले. एकही गोळी मिळाली नाही.

"सापडत नाहीत, महाराज," तो म्हणाला आणि आनंदाने रडू लागला. राजाने वस्ती कायम ठेवली.

तात्पर्य: धरून ठेवणे हा सुंभाचा धर्म आणि सुटून जाणे हा खताचा, दुसऱ्यासाठी केलेले काम सैल सोडताही आले पाहिजे.