घारीची नक्षी

त्या मुलखात घार रोज येई आणि जाताना एखादे पिल्लू घेऊन जाई. हे इतके अंगवळणी पडले होते की कोंबड्या पिल्लांची नावे ठरवीनाशा झाल्या होत्या. कोंबडे भल्या पहाटे उकिरड्यावर चढून आरवत, आणि आरवलो म्हणजे राखण झाली, असे मानून दिवसभर दाणे टिपत. बाकीचा संसार त्यांच्या बायकांनी ओढायचा होता.

या मुलखात समुद्रापलीकडून हंसिणी आल्या. त्या शुभ्र होत्या, उंच मानेच्या होत्या आणि खरोखरच मायाळू होत्या. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे जे घडले ते कोणाच्या दुष्टपणामुळे घडले नाही. कोंबड्यांचे हाल त्यांच्या कानी गेले होते, म्हणून त्या सुया, रिळे आणि कापडाचे तागे घेऊन आल्या होत्या. माळावर त्यांनी शिवणशाळा उभारली. धनी वर आहे आणि तो आपल्या लेकरांना पंखांवर उचलून नेतो, अशी प्रार्थना आधी म्हणायची आणि मग धावदोरा घालायचा, असा तिथला शिरस्ता होता. कोंबड्यांना प्रार्थनेचे शब्द कळत नसत, पण चाल गोड होती.

"आभाळ फाटलंया, आन ह्या आल्यात सुई-दोरा घिऊन," एक म्हातारी कोंबडी म्हणाली. तरी तीही गेलीच. शाळेत मूठभर कण्या मिळत, आणि छपराखाली जिवाला घोर नसे. पिल्लांना मात्र आत मनाई होती, कारण ती कापड घाण करीत.

कवडी नावाच्या कोंबडीचे एकच पिल्लू उरले होते. शाळेत जाताना ती त्याला घायपाताच्या काट्यांत लपवून जाई आणि दिवसभर तिचा अर्धा जीव तिकडे असे. एकदा तळ्याकाठी थोरल्या हंसिणीने अंग झाडून पंख पसरले. ते पाहताच वर घिरट्या घालणारी घार वाट वाकडी करून निघून गेली. हंसिणींच्या ते लक्षातही आले नाही. कवडीने मात्र पाहिले, आणि तिला इतका आनंद झाला की ती कण्या टिपायचेही विसरली.

"बाई," ती थोरलीला म्हणाली, "घार आली की तुमी निस्तं पंख उघडून हुबं ऱ्हावा. दुसरं कायबी नगं."

हंसिणींना कोंबड्यांची भाषा शिवणापुरतीच येत होती. ओव, ओढ, उसव, छान. थोरलीने प्रेमाने मान हलवली आणि कवडीला निळ्या दोऱ्याचे नवे रीळ दिले.

बोलून कळत नाही ते दाखवून कळेल, असे कवडीने ठरवले. तिने कापडावर निळे आभाळ भरले. त्यात पंख पसरलेली घार काढली, घारीच्या नख्यांत चोच उघडलेले पिल्लू काढले आणि खाली लाल दोऱ्याचे थेंब घातले. आधी गेलेली सगळी पिल्ले तिला त्या एका पिल्लात दिसत होती. तरी शिवण कुठे वाकडी गेली नाही.

थोरलीने ते कापड उजेडात धरून पाहिले. मग तिचे डोळे भरून आले. तिने बाकीच्या हंसिणींना हाक मारली आणि त्या आपसात आपल्या भाषेत म्हणाल्या, "एवढ्या अडाणी जिवाला केवढे कळले! धनी लेकराला उचलून वर नेतो आहे, आणि लेकरू चोच उघडून गाते आहे." लाल थेंब तेवढे त्यांना खटकले. "उसव," थोरली हळुवारपणे म्हणाली, आणि त्या जागी पिवळी फुले काढायला शिकवून म्हणाली, "छान."

कवडीने थेंब उसवले. तिची तक्रार नव्हती. ज्याला रडू आले त्याला कळले, असा कोंबड्यांचा सरळ व्यवहार होता. बाई रडल्या, म्हणजे बाईंना समजले.

ते कापड समुद्रापलीकडे गेले आणि तिकडून तसल्याच कापडांची मागणी आली. मग शाळेतली प्रत्येक कोंबडी घार भरू लागली. "जी खाती तिलाच नटवा," म्हातारी पुटपुटली, आणि तिनेही घारीचे पंख भरायला घेतले.

एका सकाळी हंसिणींनी कोंबड्यांची वस्ती पाहायला जायचे ठरवले. त्या रांगेने, प्रार्थना गात माळावर आल्या. त्यांना येताना पाहून कवडीला वाटले, आल्या बाई, राखणीलाच आल्या. ती धावत घायपाताकडे गेली.

"ये भाईर. भिऊ नगंस," ती म्हणाली. "बाई आल्यात."

पिल्लू काट्यांतून बाहेर आले आणि उन्हात डोळे मिचकावत उभे राहिले.

घार आली. खाली एवढ्या हंसिणी पाहून ती उतरेना. ती उंचावरूनच घिरट्या घालू लागली, आणि कवडीने प्रथमच मान वर करून तिच्याकडे बिनधास्त पाहिले.

थोरलीनेही वर पाहिले. निळे आभाळ, पसरलेले पंख, आणि खाली वर पाहणारे लेकरू. तिला ओळख पटली. तिने आपले पंख अंगाशी मिटून घेतले आणि मान लववली. मागच्या सगळ्या हंसिणींनी तसेच केले.

"पंख, बाई! पंख उघडा!" कवडी किंचाळत पिल्लाकडे धावली. एका हंसिणीला वाटले, बिचारीचा ऊर भरून आला आहे. तिने कवडीला मायेने जवळ ओढले आणि घट्ट धरून ठेवले.

घारीने पिल्लू उचलले. पिल्लाने चोच उघडली, आणि हंसिणी गाऊ लागल्या.

दुपारच्या आत घार पुन्हा आली. या वेळी तिने घिरट्या घातल्या नाहीत. हंसिणी आधीच माना लववून उभ्या होत्या.